अकरा वाजताची भूक

वाचकाचं पत्र

नमस्कार. माझं वय ४४, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७२ किलो. सांगलीत एका बँकेत काउंटरवर काम करते. सकाळी सगळ्यांचे डबे भरून साडेआठला कांदेपोहे नाहीतर उपमा खाते, तेही पोटभर. तरी अकरा वाजले की पोटात खड्डा पडतो, हातपाय गळून जातात, समोरच्या ग्राहकावर विनाकारण चिडते. मग ड्रॉवरमधली बिस्किटं निघतात. दुपारी डब्यात तीन पोळ्या, भाजी, थोडा भात. घरी आल्यावर चहा-टोस्ट, रात्री वरणभात. सोमवार-गुरुवार उपवास, म्हणजे साबुदाणा. दोन-तीन महिन्यांपूर्वी एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ५.९ आलं. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, वजन कमी करा म्हणाले. मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर ग्लायसेमिक इंडेक्सचा, म्हणजे कोणत्या पदार्थाने रक्तातली साखर किती चढते त्याचा, तक्ता पाठवला. त्याप्रमाणे भात, बटाटा, गाजर, कलिंगड बंद केलं, शुगर-फ्री बिस्किटं आणली, सकाळी नाचणी सत्त्व सुरू केलं. तीन आठवड्यांत तीन किलो उतरले, पुढच्या महिन्यात दोन परत आले. भूक होती तशीच आहे. तुझा तोंडावर ताबाच नाही, असं घरात सगळे म्हणतात. भात कायमचा सोडावा लागेल का? सासूबाई मधुमेहासाठी इन्सुलिन घेतात, त्यांनाही माझ्यासारखंच वाढू का? आणि आता आंबा येईल. तोही नाहीच का?

— एक वाचक, सांगली

उत्तर

ताई, सगळ्यात आधी ते ताबा नसल्याचं मनातून काढून टाका. सकाळी सगळ्यांचे डबे भरणाऱ्या, आठवड्यातून दोन दिवस उपवास पाळणाऱ्या बाईला मनोनिग्रह नाही, हे मला पटत नाही. अकरा वाजताची तुमची भूक साडेआठच्या बशीतून येते. तुमचं पत्र वाचताना मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती हीच गोष्ट. भात आणि आंबा नंतर पाहू.

बशीभर पोहे म्हणजे साधारण दीड वाटी सुके पोहे, ७० ग्रॅमच्या आसपास. त्यात पन्नास ग्रॅमच्या वर पिष्टमय पदार्थ आणि जेमतेम पाच ग्रॅम प्रथिनं. शेंगदाणे चमचाभर, कोथिंबीर वरून. पोहे म्हणजे साळ भिजवून, भाजून, दाबून चपटा केलेला तांदूळ. तो पोटात गेल्यावर लवकर विरघळतो. साखर रक्तात भराभर चढते, ती आवरायला इन्सुलिन जोरात सुटतं, आणि दोन-तीन तासांत साखर खाली येते. काही जणांत ती जेवणाआधीच्या पातळीच्याही थोडी खाली जाते. शरीराला ही उतरण कळते आणि ते ओरडून खायला मागतं. त्यात प्रथिनं आणि चोथा नसल्यामुळे पोटही लवकर रिकामं झालेलं असतं. अशा वेळी ड्रॉवर उघडला नाही तरच नवल. (ही गळाल्यासारखी अवस्था वारंवार होत असेल, घाम फुटत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर नेमक्या त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर मोजा आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवा.)

हे नुसतं माझं मत नाही. १९९९ साली बोस्टनमध्ये डॉ. डेव्हिड लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा स्थूल किशोरवयीन मुलांवर एक साधा प्रयोग केला. मुलांना तीन वेगवेगळ्या दिवशी नाश्ता आणि दुपारचं जेवण दिलं. उष्मांक तिन्ही दिवशी सारखे. एका दिवशी झटपट शिजणारे ओट्स, एका दिवशी जाडे भरडलेले ओट्स, एका दिवशी भाज्या घातलेलं ऑम्लेट आणि फळं. मग दुपारी मुलांसमोर भरपूर खाणं ठेवलं आणि कोण किती खातं ते मोजलं. झटपट ओट्सच्या दिवशी मुलांनी ऑम्लेटच्या दिवसापेक्षा ८१ टक्के जास्त खाल्लं. ऑम्लेटमध्ये प्रथिनं जास्त होती, म्हणून हा फरक एकट्या ग्लायसेमिक इंडेक्सच्या खात्यावर टाकता येत नाही. पण जाड्या ओट्सच्या तुलनेतसुद्धा ५३ टक्के जास्त खाल्लं गेलं. धान्य तेच, प्रथिनं-चरबी-कर्बोदकांचं प्रमाण तेच, मुख्य फरक दाणा किती मोडला होता याचा आणि गोडीसाठी घातलेल्या साखरेच्या प्रकाराचा. बारा मुलं म्हणजे लहानसाच प्रयोग, हे मला मान्य आहे. पण त्या दुपारी त्यांच्यातल्या कोणाचा मनोनिग्रह काही बदलला नव्हता.

आता त्या तक्त्याबद्दल. टोरंटो विद्यापीठात डॉ. डेव्हिड जेंकिन्स यांनी १९८१ मध्ये ही कल्पना मांडली. एखाद्या पदार्थातून पन्नास ग्रॅम पचणारी कर्बोदकं मिळतील एवढा पदार्थ खायला द्यायचा, दोन तास रक्तातली साखर मोजायची आणि ती नुसत्या ग्लुकोजशी ताडून पाहायची. ग्लुकोजला १००. पदार्थ ५५ किंवा त्याखाली आला तर कमी, ७० किंवा त्यावर गेला तर जास्त. मधुमेह्यांसाठी हे फार उपयोगी काम झालं. अडचण अशी की तक्त्यात एकेक पदार्थ एकटा उभा असतो, आणि आपण एकेक पदार्थ एकटा खात नाही.

गाजराचंच बघा. त्या पहिल्या तक्त्यात गाजराचा आकडा नव्वदच्या वर होता. पुढे पुन्हा मोजल्यावर तो पन्नासच्या खाली निघाला. पण जुना आकडा तक्त्यातक्त्यांतून फिरत राहिला आणि तुमच्या कोशिंबिरीतून गाजर गेलं. शिवाय गाजरातून पन्नास ग्रॅम कर्बोदकं मिळवायची तर पाऊण किलोच्या आसपास गाजरं खावी लागतील. कलिंगडाचा आकडा खरंच सत्तरच्या पुढे आहे, पण त्यात पाणीच पाणी. शंभर ग्रॅमच्या फोडीत सात-आठ ग्रॅम कर्बोदकं, तेवढ्याने साखर कितीशी चढणार? उन्हाळ्यात दुपारी दोन फोडी खुशाल खा. याच्या उलट, बटाट्याच्या तळलेल्या वेफर्सचा आकडा उकडलेल्या बटाट्यापेक्षा कमी येतो, कारण तेलामुळे पचन मंदावतं. म्हणून कोणी उकडलेला बटाटा सोडून वेफर्स खायला लागलं तर वजन वाढेलच. शुगर-फ्री बिस्किटांचीही तीच गत. साखर काढली, मैदा आणि तूप-तेल तसंच राहिलं. ती आता आणू नका.

नाचणी सत्त्वाबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे तुमच्यासारख्या अनेक जणी फसतात. नाचणी चांगली, यात वादच नाही. कॅल्शियमसाठी तर फारच चांगली. पण सत्त्व करताना आपण काय करतो? नाचणी भिजवतो, वाटतो, फडक्यातून गाळतो. चोथा फडक्यात राहतो आणि खाली पांढरं, मऊ पिष्ट बसतं. लहान बाळाला ते देतात ते पचायला हलकं म्हणून, म्हणजे लवकर पचतं म्हणून. तुम्हाला नेमकं याच्या उलट हवं आहे. नाचणीची भाकरी खा, सोबत पिठलं किंवा पालेभाजी घ्या. सत्त्व नातवंडांसाठी ठेवा.

आता सकाळची बशी. पोहे बंद करा असं मी म्हणणार नाही, ते तुम्हाला आवडतात आणि घरात सगळे खातात. पण बशीत पोहे आणि उसळीची जागा बदला. आज पोहे भरपूर आणि त्यावर चमचाभर दाणे असं आहे. उद्यापासून मोडाच्या मटकीची उसळ वाटीभर आणि तिच्यासोबत पोहे अर्धी वाटी, असं करून पाहा. नागपूरकडे तर्री-पोहे, म्हणजे हरभऱ्याच्या तिखट रश्शासोबत पोहे खातात, ती जोडी मुळात फार शहाणपणाची आहे. फक्त वरचं तेल आवरायचं आणि हरभरे वाढवायचे.

मटकीसाठी रोज वेगळा वेळ काढावा लागत नाही. रविवारी रात्री दोन वाट्या मटकी धुऊन भिजत घाला. सकाळी उपसा आणि ओल्या पंचात घट्ट बांधून टोपलीत ठेवा. सांगलीच्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड पंचातून बाहेर डोकावतील. थंडीत दुसरा दिवस लागेल. मोड आले की डब्यात भरून फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस बघायला नको. सकाळी मोहरी-हिंगाची फोडणी, कांदा, हळद, गोडा मसाला, मटकी आणि ती बुडेल इतकंच पाणी. कुकरला लावू नका. झाकण ठेवून दहा-बारा मिनिटांत ती शिजते. एक दाणा बोटांत दाबून पाहा. मऊ लागायला हवा, पण सालीतून सुटून पिठूळ व्हायला नको. हे मी चवीसाठी सांगत नाही, जरी चवही तशीच चांगली लागते. कडधान्यातलं पिष्ट पेशींच्या भिंतींच्या आत कोंडलेलं असतं. अख्खा दाणा शिजल्यावरही त्या भिंती बऱ्याच प्रमाणात टिकतात, म्हणून ते सावकाश सुटतं. लगदा केला की ती राखण गेली. हरभरा, मटकी, मूग, चवळी, कुळीथ या सगळ्यांचा आकडा कमी येतो तो यामुळेच.

वाटीभर उसळीतून आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं मिळतात. सोबत वाटीभर दही किंवा एक उकडलेलं अंडं घेतलंत की सकाळची बैठक पक्की झाली. शिवाय सकाळच्या कडधान्याचा फायदा दुपारच्या जेवणापर्यंत पुरतो. जेंकिन्स यांनीच १९८२ मध्ये दाखवलं की नाश्त्याला मसूर खाल्ली तर दुपारच्या जेवणानंतरही साखर कमी चढते. उसळीचा कंटाळा आला तर मूगडाळीचं धिरडं किंवा भाजणीचं थालीपीठ दह्यासोबत. भाजणीत आपल्या आज्यांनी धान्याच्या बरोबरीने डाळी घातल्या त्या उगाच नाहीत. उपमा करायचाच तर रवा निम्मा आणि मटार, गाजर, फरसबी त्याच्या दुप्पट.

दहा दिवस एवढं एकच बदला. दुसरं काहीही नको. आणि बँकेतल्या डायरीत रोज अकरा वाजता भुकेला दहापैकी किती गुण, ते लिहून ठेवा. वजनाचा काटा हलायला वेळ लागतो, भूक त्याच्या आधी हलते.

भात सोडायचा नाही. तो कुठे बसवायचा, हे बघायचं. आपल्या पानात सुरुवातच वरण-भात-तूप-लिंबाने होते, रिकाम्या पोटी आधी भात. त्याऐवजी कोशिंबीर आणि उसळ किंवा भाजी आधी खा, दहा मिनिटांनी पोळी-भाकरी, आणि भात शेवटी, छोटी वाटीभर, आमटीत कालवून. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ मध्ये अकरा मधुमेही रुग्णांवर हेच करून पाहिलं होतं. तेच जेवण, एकदा पाव आणि संत्र्याचा रस आधी, एकदा चिकन आणि भाज्या आधी. भाज्या-चिकन आधी खाल्ल्यावर तासाभराने साखर एक तृतीयांशाहून जास्त खाली होती. ताटातलं काहीही काढलं नव्हतं, फक्त क्रम फिरवला होता. भात शेवटी खाल्ला की तो आपोआप कमीही खाल्ला जातो, हे माझ्याकडे येणारे बहुतेक जण दोन आठवड्यांत सांगतात. तांदूळ घेताना मोकळा, फडफडीत शिजणारा घ्या. चिकट होणारा तांदूळ साधारणपणे लवकर पचतो. शिळा भात गार झाल्यावर त्यातलं थोडं पिष्ट पचायला कठीण होतं, हे खरं आहे, पण फायदा लहानसा आहे. तेवढ्यासाठी भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, पोट बिघडेल. उरला तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि खाताना वाफ येईपर्यंत गरम करा.

ज्वारी-बाजरीबद्दल दोन शब्द. भाकरी पोळीपेक्षा कितीतरी पटींनी वेगळी असते अशी समजूत आहे. पीठ बारीक दळलं की ज्वारीही बऱ्यापैकी लवकर पचते. भाकरी खा, चोथा मिळतो, पोट भरतं, पण म्हणून तीन खाऊ नका. पोळ्याही तीनच्या दोन करा आणि सुटलेली जागा भाजीने भरा. डब्यातला भाजीचा कप्पा पोळीच्या कप्प्याएवढा झाला पाहिजे.

संध्याकाळच्या चहाबरोबर टोस्टऐवजी मूठभर सालासकट फुटाणे. एवढंच.

उपवास. हा विषय नाजूक आहे आणि मला तुमच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही. पण साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचं जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमसुद्धा प्रथिनं नाहीत. आठवड्यातून दोन दिवस, दोन वेळा ही खिचडी म्हणजे तुमच्या पोह्यांच्या बशीहून जास्त चढ-उतार. वरई करा, पण वरई थोडी आणि दाण्याची आमटी भरपूर. काकडीची कोशिंबीर दही-कूट घालून मोठी वाटी, आणि ताक. रताळं उकडून खा, गुळात शिजवून नको. वरई-साबुदाणा दोन्हींत बहुतांश पिष्टच आहे, त्यामुळे पानात दाणे, दही, दूध यांचा वाटा वाढवणं एवढाच उपाय. महिन्यातून एखाद्या सोमवारी खिचडीच खावीशी वाटली तर लहान वाटीत घ्या, दह्यासोबत, आणि मनाला लावून घेऊ नका.

सासूबाईंना हेच ताट जसंच्या तसं वाढू नका, ताई. त्यांचं इन्सुलिन त्यांच्या आजच्या खाण्याशी जुळवलेलं आहे. तुम्ही पोळी-भात एकदम कमी केला आणि इन्सुलिन तेवढंच राहिलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. काही गोळ्यांचंही तसंच असतं. त्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा की आम्ही जेवणात असा असा बदल करतोय, डोस पाहून द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कडधान्यं आणि प्रथिनं किती, हेही त्यांनाच विचारा. उसळ आधी आणि भात शेवटी हा क्रम तोवर चालेल, पण साखर मोजत राहून.

आता वजनाचं खरं ते सांगते. नुसता ग्लायसेमिक इंडेक्स कमी केला म्हणून वजन उतरतं, असा दावा मी करणार नाही. तशा प्रयोगांत फरक लहान निघतो. तुमचे पहिले तीन किलो गेले त्यात पाणी बरंच होतं. पिष्ट एकदम कमी केलं की शरीरातला साखरेचा साठा कमी होतो आणि त्याच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणी निघून जातं. खाणं पूर्ववत झालं की ते परत येतं. वजन चरबीचं उतरायचं तर रोजच्या खाण्यातून थोडं कमी व्हायलाच हवं, आणि उपाशी राहून माणूस महिनोन् महिने कमी खाऊ शकत नाही. इथे हे खाणं कामाला येतं. युरोपातल्या आठ देशांत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आधी वजन कमी केलेल्या माणसांना सहा महिने वेगवेगळे आहार दिले. प्रथिनं थोडी जास्त आणि ग्लायसेमिक इंडेक्स थोडा कमी अशा गटाचं वजन परत वाढलं नाही आणि मध्येच सोडून जाणारेही त्या गटात कमी होते. तुमचे दोन किलो जिथून परत आले, ती गळती बुजवणारा हा आहार आहे. महिन्याला दीड-दोन किलो उतरले तर पुष्कळ झाले.

काट्यापेक्षा कमरेच्या टेपकडे जास्त लक्ष द्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे की आपल्या शरीरात त्याच वजनाला युरोपीय माणसापेक्षा चरबी जास्त असते, आणि ती पोटाभोवती बसते. म्हणून आपल्याकडच्या बायकांसाठी कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर धरतात. रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला, शतपावली म्हणून नव्हे तर घड्याळ लावून. स्नायू त्या वेळी रक्तातली साखर उचलतात. थायरॉइड तपासलं नसेल तर एकदा तपासून घ्या. ५.९ हा आकडा मधुमेहपूर्व टप्प्यातला आहे, तिथून मागे फिरता येतं. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

आणि आंबा. आंब्याचा आकडा पन्नाशीच्या आसपासच येतो, त्याला घाबरायचं काही कारण नाही. वजन वाढतं ते दोन आंब्यांच्या रसात साखर घालून, वर तूप सोडून, सहा पुऱ्यांबरोबर खाल्ल्यावर. रस महिन्यातून एका रविवारी करा, त्या दिवशी पुऱ्या दोन आणि भात नाही. बाकीच्या दिवशी अर्धा हापूस, फोडी करून, नाश्त्याच्या उसळीनंतर किंवा दुपारच्या जेवणानंतर, रिकाम्या पोटी नको. बाठा कोणी चोखायचा, हे घरात ठरवा. पहिली पेटी आली की मला कळवा, आणि सोबत डायरीतले अकरा वाजताचे गुणही लिहून पाठवा.